नोंद नको, उत्तर हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलाच्या धोरणाचा मसुदा पूर्ण तयार झाला की मग ‘नागरिकांच्या सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत’ हे ठरलेलं वाक्य येतं. अशा एका बैठकीला मी हौसेने गेलो होतो. सव्वा तास पडद्यावर तक्ते सरकत राहिले, प्रश्नांना उरली दहा मिनिटं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, “इंधन महाग केलंत तर मी कामावर जायचं कसं?” ‘नोंद घेतली’ म्हणून माइक पुढे सरकला.

हाच प्रश्न फ्रान्समध्ये रस्त्यावर आला होता. इंधनावरच्या वाढीव करावरून २०१८ मध्ये पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं. त्यानंतर सरकारने वय, शिक्षण, व्यवसाय, गाव-शहर यांचं प्रमाण राखून, चिठ्ठ्या टाकल्यासारखे १५० सामान्य नागरिक निवडले. काम अवघड होतं: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन किमान ४० टक्क्यांनी घटवायचं, तेही सामाजिक न्याय सांभाळून. तज्ज्ञांना उलटसुलट प्रश्न विचारत या मंडळींनी जून २०२० मध्ये १४९ शिफारशी दिल्या. महामार्गावरची वेगमर्यादा ताशी १३० वरून ११० किलोमीटरवर आणा, असं त्यांनी सुचवलं. आठवड्याला २८ तासच काम, हा प्रस्ताव मात्र त्यांनीच मतदानात पाडला. लोकांना विचारलं तर ते फक्त सवलती मागतील, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. आयर्लंडमध्येही २०१७ मध्ये अशाच नागरिक सभेतल्या ८० टक्के सदस्यांनी हवेत कार्बन सोडणाऱ्या गोष्टींवर जास्त कर भरायची तयारी दाखवली. अट एवढीच, की गरीब घरांवर बोजा पडू नये आणि पैसा याच कामी लागावा. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर या अटीत आहे.

फ्रान्समध्ये माशी शिंकली ती पुढे. शिफारशी ‘कुठलीही गाळणी न लावता’ पुढे नेऊ, असं राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात वेगमर्यादेसह तीन तर लगेच बाजूला पडल्या, बाकीच्यांपैकी बऱ्याच कायदा होईपर्यंत पातळ झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच नागरिकांनी सरकारला दहापैकी सरासरी ३.३ गुण दिले. नापासच की!

अंतिम निर्णय संसदेचाच असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १५० जणांना कुणी मतं दिलेली नसतात. पण शिफारस फेटाळायची तर का फेटाळली, हे ठरलेल्या मुदतीत, त्याच लोकांसमोर, लेखी सांगण्याचं बंधन सभा भरवण्याआधीच कायद्याने घालावं. सदस्यांचा बुडालेला रोजही भरून द्यावा, नाहीतर तिथे फक्त सवड असलेलेच दिसतील. आणि बैठकीत दहा मिनिटं द्यायचीच असतील, तर ती तक्त्यांना द्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक