चार्ली टेलरचा फोटो का नाही?

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुमच्या प्रदर्शनाचा फोटो मोठा करून पाहिला. राइट बंधू, सांतोस-द्युमाँ, ब्लेरियो. सगळे विमानं उडवणारे. राइट बंधूंचा मेकॅनिक चार्ली टेलर कुठेच दिसला नाही. फोनवर सांगायला गेलो असतो तर "बाबा, लेक्चर आहे" म्हणाली असतीस, म्हणून हे पत्र.

१७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेत किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल बारा सेकंद उडाला, त्याच दिवशी शेवटच्या खेपेला विल्बर एकोणसाठ सेकंद. हे तुला पाठ असेल. त्या विमानाचं इंजिन केलं टेलरनं, आणि तो त्या दिवशी तिथे नव्हताच. डेटन गावात राइट बंधूंचं सायकलचं दुकान सांभाळत होता! १९०१ मध्ये त्याला ठेवलं होतं ते त्याच कामाला.

राइट बंधूंना आठ हॉर्सपॉवरचं, दोनशे पौंडांच्या आतलं इंजिन हवं होतं. मोटारवाल्यांना पत्रं लिहिली, कोणाकडूनही जमेना. मग घरीच करायचं ठरलं. रीतसर ड्रॉइंग नाही. तिघांपैकी कोणीतरी कागदाच्या तुकड्यावर भाग काढायचा आणि टेलर तो बाकावर समोर टोचून ठेवायचा. हाताशी लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं मशीन, आणि ड्रिल मशीन, बस. क्रँकशाफ्टसाठी, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणाऱ्या दांड्यासाठी, त्यानं पोलादाच्या जाड पाटावर आकार आखला, कडेकडेनं भोकं पाडली, हातोडा-छिन्नीनं जादा माल तोडला आणि उरलेलं लेथला लावलं. उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचा दांडा जिथे जोडतात तो भाग, मध्याला नसते. लेथवर लावलेला तुकडा, म्हणजे जॉब, फिरताना हिसके मारतो. तो खरा उतरवणं ही कारागिरी आहे, आणि आमच्याकडे निदान चांगली मशीनं तरी होती.

सहा आठवड्यांत इंजिन चालू झालं. त्यात पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर नाही, पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोल ठिबकत खाली यायचं. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणीत अ‍ॅल्युमिनियमचं क्रँककेस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, फुटलं. फाउंड्रीतून नवं कास्टिंग यायला एप्रिल उजाडला. इतकं करून शेवटी मिळाली सुमारे बारा हॉर्सपॉवर, मागितली त्यापेक्षा जास्त.

राइट बंधूंचं श्रेय मी काढून घेत नाही. पंख, तोल, विमान पुढे ढकलणारा पंखा, सगळं डोकं त्यांचंच. विंड टनेलमधली, म्हणजे वारा सोडून पंख तपासायच्या पेटीतली, त्यांची मोजमापं वाचलीस तर थक्क होशील. पण टेलरला उडायला शिकायचं होतं, ते त्यांनी शिकवलं नाही, हे मला खटकतं. १९११ मध्ये कॅल रॉजर्स या वैमानिकानं विमानातून अमेरिका आडवी पार केली, तेव्हा त्याचं सतत मोडणारं विमान जोडायला टेलरच होता. म्हणजे तू शिकतेस तेच विमानदुरुस्तीचं काम. पुढे १९३७ मध्ये हेन्री फोर्डला राइटांचं जुनं दुकान पुन्हा उभारायचं होतं. तेव्हा टेलर लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात साधा कामगार म्हणून सापडला. १९५६ मध्ये गेला, हलाखीतच.

त्याचा वाढदिवस, २४ मे, अमेरिकेत विमान-तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात. तुमच्या सरांना विचार, एक फोटो वाढवता येतो का. जागा नसेल तर ब्लेरियोचा जरा लहान करा, त्याला चालेल.

सेफ्टी शूज घेतलेस का? पैसे टाकलेत. आई भडंग पाठवतेय, रूममेटलाही दे.

तुझे,
बाबा