दिवा पाण्यात सोडायचा, पण कुठला?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

एलईडी मासेमारीच्या, म्हणजे नौकेवर झगझगीत दिवे लावून मासळी गोळा करायची आणि जाळ्याने उचलायची या बंदी असलेल्या पद्धतीच्या, बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि त्या यायलाच हव्यात. पण त्यामुळे आमच्यासारख्या गरीवाल्यांची, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांची, पंचाईत झाली आहे. रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर पाण्यात हिरवा दिवा सोडला, की येणारा-जाणारा थांबून विचारतो, "काय हो, हे बंद आहे ना?" दुसरीकडे सुट्टीत येणारी हौशी मंडळी लग्नाच्या मांडवात शोभतील असले फ्लडलाइट घेऊन खाडीवर उतरतात. जास्त उजेड म्हणजे जास्त मासे, असा त्यांचा सरळ हिशोब. हे दोन्ही गैरसमज आहेत म्हणून हे पत्र.

आधी दिव्याचं. मासा दिव्याला भुलून धावत येतो असं आपण म्हणतो, पण पहिल्यांदा येतं ते डोळ्यांना न दिसणारं बारीक प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. त्यामागे कोलंबीची पिल्लं, मग पेडव्यासारखी चिल्लर मासळी, आणि तिच्यावर टपलेले मोठे मासे सगळ्यांत शेवटी. या साखळीला वेळ लागतो. दिवा तिन्हीसांजेलाच सोडावा, एका जागी ठेवावा आणि सारखा चालू-बंद करू नये. पहिला अर्धा तास चिलटांशिवाय काही दिसलं नाही तरी धीर सोडू नये.

रंगाचं म्हणाल तर लाल दिवा पाण्यात फुकट. लाल उजेड वरच्या काही मीटरांतच विरून जातो. भर समुद्रातल्या नितळ पाण्यात निळा सर्वांत खोल जातो, पण आपली भाट्याची खाडी काही नितळ नव्हे. गाळ, शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा अर्क निळा उजेड गिळून टाकतात, त्यातल्या त्यात लांब पोचतो तो हिरवा. दुकानदार निळा दिवा 'इंपोर्टेड' म्हणून गळ्यात मारू लागला, तर तो लक्षद्वीपला जाणाऱ्याला विक म्हणावं. पांढरा चालतो, मात्र त्यातला बराच उजेड वाटेतच वाया जातो.

वॅटपेक्षा दिवा कुठे आहे ते महत्त्वाचं. जेटीवर उंच टांगला तर बराच उजेड पाण्यावरून परततो, उरलेला लाटांबरोबर लुकलुकतो, शिवाय तुमचीच सावली पाण्यात नाचते. त्यापेक्षा वजन बांधून हातभर-दोन हात पाण्याखाली सोडलेला दहा वॅटचा दिवा बरा. बारा व्होल्टच्या सात अँपिअर-अवरच्या लहान बॅटरीवर तो पाच-सहा तास आरामात चालतो. घरच्या विजेची वायर मात्र जेटीपर्यंत कुणी ओढू नये. खारं पाणी जोडात शिरलं की जिवाशी खेळ आहे.

दिवा बरोबर बसला की पाण्यात हिरवा गोल दिसतो. टोळ मासे त्यात अगदी वर, पृष्ठभागाला चिकटून फिरतात. कोलंबीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. नवखा गडी नेमका या गोलाच्या मध्यभागी गरी टाकतो. तांबोशी, जिताडा यांसारखे शिकारी मासे किंवा माकुल (स्क्विड) उजेडात कशाला येतील? ते कडेच्या अंधारात दबा धरून असतात. गरी गोलाच्या पलीकडे टाकायची आणि उजेडाच्या कडेकडेने ओढत आणायची. प्रचंड फ्लडलाइट लावला की ही कड तुमच्या टप्प्याबाहेर जाते, म्हणजे पैसे मोजून मासे लांब पाठवायचे! पौर्णिमेच्या आसपास तर दिवा घरीच ठेवावा, चांदण्यापुढे त्याचं काही चालत नाही. अमावास्येला त्याची खरी किंमत कळते. आणि गावखडी, मालगुंडसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत वाळूच्या बाजूला उजेड नकोच. ती उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

आता बंदीचं. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये जो आदेश काढला, त्यात यांत्रिक आणि मोटर लावलेल्या नौकांवर ट्रॉलिंग (नौकेमागे जाळं ओढत नेणं), पर्ससीन (थव्याभोवती घेर टाकणारं जाळं) आणि गिलनेट (पडद्यासारखं उभं सोडलेलं जाळं) मासेमारीसाठी दिवे लावायला मनाई आहे, मग ते पाण्यावरचे असोत की पाण्याखालचे. गरीचं नाव त्यात नाही. हा आदेश 12 सागरी मैलांपलीकडचा, अलीकडचं पाणी राज्याचं. राज्यानेही 2021 च्या कायदादुरुस्तीत एलईडी मासेमारीला किमान 5 लाख ते कमाल 20 लाख रुपये दंड ठेवला.

एवढी कडक तरतूद का, ते पद्धत पाहिली की कळतं. एक नौका जनरेटरवर दिव्यांच्या रांगा पेटवून तासन् तास उभी राहते. खाली सगळ्या आकाराची मासळी गोळा झाली की दुसरी नौका भोवती पर्ससीन टाकते आणि जाळ्याचा तळ दोरीने आवळते. गरीला एका वेळी एक मासा लागतो, आणि तो लहान असला तर जिवंत सोडता येतो. आवळलेल्या जाळ्यातून पिल्लांना कोण सोडणार? पेट्रोमॅक्स आमच्या आजोबांकडेही होता, पण त्या उजेडावर अख्खा थवा गोळा होत नव्हता. एलईडीने कमी डिझेलमध्ये तो होऊ लागला आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांच्या, लहान होडीवाल्यांच्या वाट्याचं पाणी रिकामं होऊ लागलं.

माझी तक्रार अंमलबजावणीबद्दल आहे. रात्री भर समुद्रात पाठलाग करण्याइतक्या गस्तीनौका नाहीत, हे कारण दरवर्षी ऐकतो. पण केंद्राच्या आदेशात दिवे बसवण्यालाही मनाई आहे. ते बसवलेले सांगाडे आणि मोठाले जनरेटर बंदरात दिवसाढवळ्या दिसतात, त्यासाठी दुर्बीण लागत नाही. 1 जून ते 31 जुलै नौका बंदरात असतात. त्याच काळात परवाना अधिकाऱ्यांनी प्रत्येक नौकेवर चढून जनरेटर आणि दिव्यांची जोडणी तपासावी, आणि ती उतरवल्याशिवाय नव्या हंगामाचा परवाना देऊ नये. आपल्या वार्ताहरांनीही कारवाईची बातमी देताना नुसतं 'एलईडी पकडले' न लिहिता जाळं कोणतं होतं आणि जनरेटर केवढा होता तेही छापावं.

आपला,
एक गरीवाला वाचक, रत्नागिरी