खांदेरीच्या दिव्याला हात लावणाऱ्यांचे आभार

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृहाचा दिवा आहे. तो पेटता ठेवायला किनाऱ्यावरची माणसं लागतात. पावसाळा लागायच्या आत डिझेलची पिंपं, गोडं पाणी आणि शिधा होडीतून पोचवणाऱ्या थळच्या नाखवांचे मनापासून आभार. पिंपं उतरवल्यावर रात्रभर हलवू नका, हे तुम्हीच बजावता आणि ते खरंच आहे: पिंपाच्या तळाशी बसलेलं पाणी डिझेलबरोबर टाकीत गेलं की जनरेटर हमखास बंद पडतो, तोही वादळात.

गोड्या पाण्याचे उपकार तर फिटणारे नाहीत. खाऱ्या वाऱ्याने दिव्याच्या काचेवर मिठाचा थर चढतो. कोरड्या फडक्याने पुसला तर मिठाचे कण काच ओरबाडतात आणि ते ओरखडे कायमचे राहतात. म्हणून आधी गोड्या पाण्याने मीठ विरघळवायचं, मग मऊ सुती कापडाने टिपायचं. घासायचं अजिबात नाही. बोटातली अंगठीसुद्धा काढून ठेवायची.

‘दिवा मंद दिसतोय’ असा फोन समुद्रातून करणाऱ्या तांडेलांचे, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांचेही आभार. दिव्याखाली उभं राहून झोत कमी झालेला कळत नाही. नावं विचारली की तुम्ही होडी वळवता, म्हणून हे इथे लिहिलं. रिकामी पिंपं धक्क्यावर काढून ठेवली आहेत, पुढच्या खेपेला घेऊन जा.