रिकाम्या जागा भरताना

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

भाषांतरात दिसेल त्या 'रिकामा'ला तू 'एम्प्टी' लावतोस, ते आधी थांबव. आपला रिकामा भांड्याला चालतो, घराला चालतो, माणसालाही चालतो. इंग्रजीत शब्द ठरवण्याआधी एक विचारायचं: इथे काय असायला हवं होतं?

डब्यात पीठ नाही, पाकिटात पैसे नाहीत, तिथे एम्प्टी. पण लॉजमधली खोली बघ. पलंग, गादी, टेबल, पंखा, सगळं जागच्या जागी, फक्त गिऱ्हाईक नाही. ती व्हेकंट. तिला एम्प्टी म्हटलंस तर वाचणाऱ्याला उघडी फरशी आणि चार भिंती दिसतील. बसमधली सीट, नोकरीतलं पद, भाड्याचा फ्लॅट यांनाही व्हेकंटच शोभतो. क्रियापदांचंही तसंच: भाडेकरूनं घर रिकामं केलं तर व्हेकेट, कपाट रिकामं केलं तर एम्प्टी, आणि आगीच्या भीतीनं इमारत रिकामी केली तर इव्हॅक्युएट.

'मी आज रिकामा आहे' याला फ्री लाव. एम्प्टी लिहिलंस तर तो माणूस आतून सुन्न झालाय असं वाटेल. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत एम्प्टीच्या मूळ रूपाचा एक अर्थ 'सवड असलेला' असाच होता. त्यातला 'प' मागाहून आला.

सर्वांत जास्त घोळ 'कोरा'पाशी होतो. ब्लँक हा शब्द फ्रेंचमधल्या पांढऱ्या रंगाच्या शब्दावरून आलाय, आणि जिथे लिहायचं ते लिहिलेलं नाही, तिथे तो बसतो. म्हणून शाळेतल्या 'रिकाम्या जागा' ब्लँक्स, कोरा कागद ब्लँक, कोरा चेकही ब्लँक. पण कोरा चहा म्हणजे ब्लॅक टी. कोरी साडी म्हणजे ब्रँड न्यू. आणि 'सातबारा कोरा करा' ही मागणी कर्जमाफीची आहे. तिथे ब्लँक लिहिलंस तर उताऱ्यावर जमिनीची नोंदच उरली नाही असा अर्थ होईल. तिथे 'कर्जमाफी'चंच भाषांतर कर.

हॉलोमध्ये बाहेरचं कवच शाबूत असतं. बसवलेल्या फरशीवर नाण्यानं टकटक कर. जिथे खाली सिमेंटचा माल नीट पोचलेला नसतो तिथे आवाज बद्द येतो. ते हॉलो. आत गेलेले गालही हॉलो. पोकळ आश्वासनाला एम्प्टी किंवा हॉलो काहीही चालेल, पोकळ धमकीला मात्र एम्प्टीच रुळलाय.

व्हॉइड करारात आला तर जपून. 1872 च्या करार कायद्यात व्हॉइड म्हणजे कायद्यानं अंमलात आणता न येणारा, आणि व्हॉइडेबल म्हणजे एका पक्षाला हवं तर रद्द करता येणारा, तोवर चालू असलेला. दोन्हींना 'रद्द' लिहू नकोस. राजकीय पोकळी म्हणजे व्हॅक्युम. स्पेलिंगमध्ये 'सी' एकच, 'यू' दोन. डिव्हॉइड म्हणजे एखादी गोष्ट अजिबात नसलेला; त्यानंतर 'ऑफ' हवाच.

राहिलं तुझ्या कथेतलं वाक्य, 'आई गेल्यावर घर रिकामं वाटतं.' घरात सामान खच्चून भरलेलं असलं तरी इथे 'फील्स एम्प्टी' हेच ठेव. व्हेकंट केलंस तर ते घर भाड्यानं द्यायचं आहे असं वाटेल.

पुढचं प्रकरण झालं की पाठव.

तुझा,
अवि