घरापेक्षा मोठी कोंबडी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, की डेन्मार्कमधल्या आरहूसला येऊन वर्ष होत आलं, पण लायब्ररी, खोली आणि सायकल यापलीकडे काही पाहिलं नाही. तेव्हापासून माझ्यातल्या ड्रॉइंग मास्तराला चैन नाही. अगं, आस्गर योर्न या डॅनिश चित्रकाराने १९७३ साली शेवटचा श्वास घेतला तो तुझ्याच गावात!

तिथल्या स्टेट्सजिम्नॅशियममध्ये (आपलं ज्युनिअर कॉलेज म्हण) त्याची भाजलेल्या मातीची भिंत आहे. १९५९ ची, सुमारे २७ मीटर लांब. काम केलं इटलीत, आल्बिसोला या कुंभारकामाच्या गावात. ओली माती जमिनीवर पसरली आणि पठ्ठ्याने तिच्यावरून चक्क स्कूटर फिरवली. शाळा आहे, तेव्हा आधी विचारून जा. आणि लांबून फोटो काढून परतू नकोस, मातीत चाकांचे वळ कुठे दिसतात का ते शोध.

योर्न शिक्षकाच्या घरातला, स्वतःही शिक्षकीचं शिक्षण घेतलेला. १९३६ साली चित्रकार कांडिन्स्कीकडे शिकायचं म्हणून मोटरसायकलवरून पॅरिसला गेला आणि शिकला मात्र लेजे या दुसऱ्याच चित्रकाराकडे. १९४८ मध्ये मित्रांबरोबर ‘कोब्रा’ हा चित्रकारांचा गट काढला. पुढे क्षय झाला, त्यातून उठला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचं बक्षीस मिळालं, तर पैसे घेऊन नरकात जा, अशी तार केली. तुझ्या आईला हे अजिबात पटत नाही. एवढा राग होता तर गप्प बसून नाकारायचं, असं तिचं म्हणणं.

पण मला तुला सांगायचंय ते बदकाबद्दल. जुन्या बाजारातून हौशी चित्रकारांची जुनी चित्रं आणायची आणि त्यांच्यावरच रंगवायचं, हा त्याचा १९५९ चा उद्योग. त्यातल्या एकात तळ्याकाठी साधंसं घर आहे, आणि घराच्या वर डोकं काढणारं अक्राळविक्राळ बदक. ते डेन्मार्कमधल्याच सिल्केबॉर्ग गावच्या योर्न संग्रहालयात आहे. २०२२ मध्ये कुणीतरी त्याच चित्रावर स्वतःचा फोटो चिकटवून मार्करने सही ठोकली. योर्न असता तर चिडला असता की हसला असता, मला ठरवता येत नाही.

पुस्तकात ते बदक पाहिलं आणि तिसरीतली तुझी कोंबडी आठवली. तेलखडूने काढलेली, पिवळीजर्द, घराच्या कौलांवर मान काढलेली. “प्रमाण चुकलंय” म्हणून मी तिच्यावर पोस्टर कलरचा थर दिला आणि अंगणात एक इवलीशी, व्यवस्थित कोंबडी काढली. स्पर्धेत तुला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस घ्यायला तू गेलीस, पण ते चित्र घरी आणल्यावर पुन्हा पाहिलं नाहीस. योर्नने केलं तेच मी केलं, फक्त अगदी उलटं.

काल कपाटातून ते काढलं. तेलखडूवर पोस्टर कलर टिकत नाही, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेन! आकाशाचे पोपडे सुटलेत, आतून पिवळी मान आणि एक डोळा दिसतो. आई म्हणते, उरलेलंही खरवडून काढा. मी अजून हात लावलेला नाही. तू दिवाळीत आलीस की तुझं तू काय ते कर.

सिल्केबॉर्गला बदकाचं पोस्टकार्ड मिळालं तर घेऊन ठेव. थंडी वाढेल, कानटोपी घालत जा.

तुझे,
बाबा