विश्रामबागवाड्याचे कागद लावून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवलं असतं, तर तुम्ही ते वाचून, त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढून, घडी घालून ठेवून दिलं असतं. म्हणून जाहीरच लिहिते. नाव घालत नाही, तशी तंबी तुम्ही देऊन ठेवली आहेच. पुणे पुराभिलेखागारात तुमच्या शेजारी बसून ज्यांनी मोडी गिरवली, ते ओळखतील.

मी आले तेव्हा प्रबंधासाठी मला दुसरा बाजीराव हवा होता. विश्रामबागवाडा म्हटलं की सगळ्यांना तोच हवा असतो. शनिवारवाड्यात मन न रमणारा पेशवा, १८०७ च्या सुमाराचं बांधकाम, दोन लाखांचा खर्च, दर्शनी सज्जा, सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तो राहिला किती वर्षं तिथे?" अकराएक, म्हटलं. "मग उरलेली दोनशे वर्षं वाड्यात कोण होतं, ते कुणी बघायचं?" माझ्या प्रबंधाची अनुक्रमणिका त्या दिवशी गेली ती गेलीच. मार्गदर्शकांनाही नवी जास्त आवडली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

पण म्हणून पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतून, तुम्ही मला सुटका दिली नाहीत. इतिहासकार सरदेसायांनी त्या दफ्तरातून निवडून छापलेल्या ४५ खंडांवर भागवीन म्हणत होते, तर "निवडलेलं वाचून निवडणाऱ्याची आवड कळते" असं म्हणालात आणि सरावाला एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, समोर ठेवलात. कुठल्याशा घरदुरुस्तीचा हिशोब होता. पहिली घडी उलगडली तशी टेबलावर बारीक वाळू सांडली. मी फुंकर मारणार तोच तुम्ही हात आडवा घातलात. ओली शाई टिपायला कारकुनाने टाकलेली वाळू होती ती, दोनेकशे वर्षं घडीत बसलेली. तुम्ही ती बोटाने एका बाजूला सारलीत आणि काहीच झालं नाही अशा थाटात वाचायला लागलात.

मोडी वर्गात शिकले होते, पण वर्गातली मोडी म्हणजे पाटीवरची मोडी. दफ्तरातला कारकून आधी कागदभर रेघ ओढतो आणि मग बोरू न उचलता अक्षरं लटकवत जातो. शब्द कुठे संपला ते आपलं आपण बघायचं. त्यात 'नि॥', 'गु॥', 'दि॥' यांची गर्दी. निसबत, गुजारत, दिमत ही तिकडी तुम्ही घोकून घेतलीत, कारण पैसा कुणाच्या हाताखालून, कुणाच्या हातून गेला, ते त्यातच असतं. रुपयांच्या आकड्यापुढच्या उभ्या रेघाही तशाच: एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आणि सुहूर सन, त्या कागदांवरची कालगणना! 'समान मयातैन व अलफ' म्हणजे आठ, दोनशे आणि हजार, म्हणून १२०८. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि पुढच्या मृगापर्यंत ६००, की १८०७-०८ हाताला लागतं. हे कोष्टक तुम्ही माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलंत. ती वही भरली, तरी पुठ्ठा कापून जवळ ठेवलाय.

१८१८ नंतर मात्र वाड्याचा माग मोडीतून निसटतो, आणि इथेच तुमचे सगळ्यात जास्त उपकार आहेत. "आता वाडा कुणाचा ते बघ, आणि त्याचं दफ्तर शोध," एवढंच सांगितलंत. पेशवा बिठूरला गेला. १८२१ मध्ये वाड्यात संस्कृत पाठशाळा भरली, तीही दक्षिणेच्या रकमेतून. म्हणजे पेशव्यांनी श्रावणात ब्राह्मणांना वाटलेल्या दक्षिणेचा हिशोब ज्याला ठाऊक नाही, त्याला इंग्रजांची ही शाळा कळणारच नाही. पाठशाळेचं १८५१ मध्ये पूना कॉलेज झालं, तेच पुढचं डेक्कन कॉलेज. हे सगळं शिक्षण खात्याच्या इंग्रजी बाडांत, मुंबईला काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. तिथे कुठल्या खात्याची सूची आधी मागायची, हे तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं होतंत. नाहीतर मी 'वाडा' शोधत बसले असते आणि वाडा तिथे कुणाच्याच खात्यात नाही!

आगीचं प्रकरण तर तुमच्या आवडीचं. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस, त्यामुळे संशय सरळ तिकडे गेला. शिक्षा झाली ती सरकारी बुकडेपोतल्या कारकुनाला. तुम्ही म्हणालात, "बंडखोर शोधायला निघाले आणि हिशोबाचा घोळ सापडला." विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला आणि मागाहून पुन्हा बांधला गेला. तेव्हा बाजीराव रस्त्यावर उभं राहून सगळ्या वाड्याला सरसकट पेशवाई म्हणणाऱ्यांना मी आता थांबवते. लोकांना आवडत नाही. तुमचीच शिकवण, निभावते आहे.

हायस्कूल, पोस्ट, नगरपालिकेची कचेरी ही प्रकरणं लिहून झाली आहेत. प्रत या आठवड्यात घरी पोचेल. समासात जागा भरपूर सोडली आहे.

आणखी एक. त्याच रात्री गेलेला बुधवारवाडा, तोही दुसऱ्या बाजीरावाचाच, माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचे कागद बघायचे आहेत. चष्म्याचा नंबर वाढल्याची सबब सांगू नका. अक्षर मी लावते, तुम्ही शेजारी बसून चुकलं तिथे फक्त खाकरा. गुरुवारी येऊ का?

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी