भिंत अजून उभी आहे

महाल, नागपूर
१४ मे

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

सात महिन्यांत मी एकही पत्र लिहिले नाही, याबद्दलच्या शिव्या तुझ्या देऊन झाल्या असतील, म्हणून क्षमा मागत बसत नाही. साखर ठीक आहे, गुडघा होता तसाच आहे. पत्राचे कारण आपल्या दोन घरांमधली सामाईक भिंत.

तुमचे घर परवा पूर्ण उतरवले. आमच्या माजघराच्या भिंतीला पलीकडून जन्मात पहिल्यांदा ऊन लागले. अण्णांच्या देव्हाऱ्याचा कोनाडा, समईच्या काजळीसकट, आता रस्त्यावरून दिसतो. तुमच्या तुळया ओढून काढल्यावर भिंतीत नऊ भोके राहिली. मी ती दोनदा मोजली. सौभाग्यवतींना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "पन्नी लावून घ्या." सल्ला योग्यच आहे, कारण महिन्याभरात पाऊस येईल आणि चुन्यातल्या उघड्या विटा पाणी पीत बसतील, पण मला म्हणायचे होते ते वेगळे होते, आणि ते तुला कळेल.

खरी काळजी भिंतीच्या पायथ्याशी आहे. आपल्या भिंतीचा पाया जेमतेम तीन फूट खोल आहे आणि नव्या मालकांच्या कॉलमचे खड्डे सात फूट जाणार आहेत, तेही भिंतीला अगदी लागून. खाली काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि पायाशेजारची माती एकदा मोकळी झाली की वरच्या भिंतीला धरणारे काही उरत नाही. मालक मुलगा सालस आहे, पण प्रत्येक प्रश्नाला त्याचे एकच उत्तर, "काही होत नाही काका." मी जागा दाखवली त्या अभियंत्याने स्पष्ट सांगितले की सलग चर खणू नये, चार-चार फुटांचे तुकडे एक सोडून एक खणावेत, एक भरून पक्का झाल्यावरच शेजारचा उघडावा, आणि तोवर भिंतीला टेकू द्यावेत. ठेकेदाराला हे वेळखाऊ वाटते, आणि वेळ म्हणजे पैसा, हे मलाही कळते.

स्वयंपाकघरातल्या जुन्या तड्यावर मी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली आहे. तडा हलला की काच तडकते. सकाळी चहाआधी मी ती पाहून येतो. आज शाबूत होती. सगळ्या खोल्यांचे, शेजारी फूटपट्टी धरून, फोटोही काढले आहेत. काम सुरू होण्यापूर्वीचा तडा कोणता, यावर उद्या वाद नको.

तुझ्या लंडनच्या शेजाऱ्याने खणण्यापूर्वी महिनाभर आधी लेखी नोटीस दिली, तेव्हा तू फोनवर किती हसला होतास! तिकडे त्यासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. इथे तसा नाही. वकिलांनी १८८२ चा सुविधाधिकारांचा, म्हणजे शेजारच्या जमिनीवरील हक्कांचा, कायदा काढला, जो मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याकडे, पहिल्यापासून लागू होता. वीस वर्षे अखंड आणि निर्वेधपणे मिळालेल्या आधाराचा हक्क त्यात आहे. पण कोर्टात जाऊन पडणारी भिंत थांबत नाही रे. मला हवा आहे तो त्या मालक मुलाशी लेखी करार: खणण्याची पद्धत, नुकसान झाल्यास दुरुस्ती त्याच्या खर्चाने, आणि भोके विटा-चुन्याने बुजवून देणे.

घर विकताना तू मला एका शब्दाने विचारले नाहीस. तो राग मी गिळला, पचला मात्र नाही. विचारले असतेस, तरी घ्यायला पैसे नव्हते, हे वेगळे.

चिरंजीवांची नोकरी लागली का? वहिनींच्या डोळ्याचे काय झाले? सविस्तर कळव.

आता काम सांगतो. तुमच्या बाजूने अण्णांनी खिळा ठोकला आणि आमच्या बाजूचे घड्याळ पडले, त्यानंतर महिनाभर दोन्ही घरे अबोल होती, आठवते? त्या भांडणाच्या शेवटी अण्णा आणि बाबा यांनी "भिंत निम्मी-निम्मी" असा कागद दोघांच्या सह्यांनी केला होता. आमची प्रत वाळवीने खाल्ली. तुमची अण्णांच्या निळ्या फायलीत असणार, आणि ती फाईल तू सोबत नेलीस. कागद शोध आणि दोन्ही बाजूंचा फोटो आजच पाठव; सोमवारी पहिला खड्डा पडणार आहे.

तुझा,
शेजारी